पेशी औषधाने मेल्या की अल्कोहोलने? सीमाभागातील होमिओपॅथी महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
संशोधन समित्यांचे सन्माननीय सदस्य,
होमिओपॅथी महाविद्यालये, बेळगाव सीमाभाग

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पदव्युत्तर प्रबंधांसाठी पेशींवरील प्रयोगांचे काही आराखडे आपण मंजूर केले आहेत. कर्करोगाच्या पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या, त्यांवर ३० सी आणि २०० सी पोटेन्सीची (शंभरपट विरळ करून झटके देण्याची पायरी ३० किंवा २०० वेळा केलेली) औषधे घालायची आणि किती पेशी जगल्या ते मोजायचे, असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. त्यांत अल्कोहोलचा कंट्रोल (तुलनेसाठी नुसते अल्कोहोल दिलेल्या पेशी) नाही, ब्लाइंडिंग (कोणत्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्यापासून लपवणे) नाही, पेशींची ओळख पटवण्याची तरतूद नाही. आम्ही लेखी हरकती दिल्या, त्यांना उत्तर आले नाही. प्रयोगाची पहिली प्लेट लागण्याआधीच ‘कर्करोगावर संशोधन’ अशी प्रसिद्धी मात्र झाली. म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवावे लागत आहे.

आम्ही पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत काम करणारी माणसे आहोत आणि याच भागात राहतो. निपाणीचा तंबाखू आणि त्यावर उभा असलेला विडीचा धंदा सर्वांना ठाऊक आहे. गालाच्या आत न भरणारी जखम घेऊन माणूस जेव्हा दवाखान्यात येतो, तेव्हा बायोप्सीला लागलेला प्रत्येक आठवडा महागात पडतो. अशा माणसाच्या हातात ‘अमुक थेंबांनी कर्करोगाच्या पेशी मरतात’ असे कात्रण पडले, तर तो थांबेल. आमचा जीव तुटतो तो यासाठी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. होमिओपॅथीची तत्त्वे पेशींवर तपासू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ती तपासता येतात, आणि विद्यार्थ्यांनी ती तपासावीत. पण मंजूर झालेल्या पद्धतीने जे तपासले जाणार आहे ते औषध नाही, अल्कोहोल आहे.

आकडेच पाहू. बाजारातून आणलेल्या ३० सीच्या बाटलीत अल्कोहोल साधारण ९० टक्क्यांच्या आसपास असते, नेमका आकडा लेबलवर असतो. आराखड्यात लिहिले आहे की ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ९० मायक्रोलिटर मीडिया (पेशींचे पोषक द्रव) आणि १० मायक्रोलिटर औषध. म्हणजे त्या वेलमध्ये अल्कोहोल झाले ९ टक्के. वजनात सांगायचे तर दर १०० मिलिलिटरला सुमारे ७,१०० मिलिग्रॅम. वाहनचालकाच्या रक्तात कायद्याने चालणारी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्याच्या २३० पटींहून अधिक अल्कोहोलमध्ये पेशी २४ ते ४८ तास ठेवल्या, तर त्या मरणारच. तिथे थुजा घाला, कोनियम घाला किंवा काहीच घालू नका, प्लेट तशीच दिसेल. आणि कंट्रोल म्हणून शेजारी नुसत्या मीडियातल्या पेशी ठेवल्या असतील, तर त्या छान वाढतील. मग तक्त्यात ‘औषध’ आणि ‘कंट्रोल’ यांतला फरक प्रचंड दिसेल, सांख्यिकीची चाचणीही तो फरक मान्य करील, आणि निष्कर्ष साफ चुकलेला असेल.

पेशींना साधारणपणे सोसणारे अल्कोहोल ०.१ ते ०.५ टक्के एवढेच, तेही सेल लाइनप्रमाणे (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणाप्रमाणे) बदलते. म्हणून आधी नुसत्या अल्कोहोलची चढती मात्रा देऊन आपल्या पेशींची सहनशक्ती काढावी लागते. त्यानंतर मात्रा खाली आणण्याचा सरळ मार्ग असा: २९ सीपर्यंतच्या पायऱ्या अल्कोहोलमध्ये कराव्यात आणि ३० सीची शेवटची पायरी निर्जंतुक पाण्यात, ठरलेले झटके देऊन करावी. एक भाग २९ सी आणि ९९ भाग पाणी, म्हणजे अल्कोहोल राहिले ०.९ टक्के. त्यातले १० मायक्रोलिटर ९० मायक्रोलिटर मीडियात घातले की वेलमध्ये ०.०९ टक्के. पोटेन्सी ३० सीच राहिली, त्यामुळे होमिओपॅथीच्या बाजूनेही तक्रार उरत नाही. वेलमध्ये दहावा हिस्सा पाणी गेल्याने मीडियाचा क्षारभार थोडा उतरतो. म्हणून कंट्रोलमध्येही तेवढेच पाणी गेले पाहिजे.

आता कंट्रोल. एक पुरत नाही, तीन लागतात. पहिला, काहीही न घातलेल्या पेशी. दुसरा, त्याच बॅचचे अल्कोहोल आणि तेच पाणी, झटके न देता. तिसरा, आणि हाच खरा, त्याच अल्कोहोलने सुरुवात करून तितक्याच पायऱ्या, तशाच बाटल्या आणि तितकेच झटके दिलेला द्राव, ज्यात मूळ औषध कधी घातलेच नाही. झटके देताना काचेतून सूक्ष्म अंश द्रावात उतरतात, हवा मिसळते, बुचाचा संपर्क येतो. औषधाची तुलना करायची ती या तिसऱ्या कंट्रोलशी. दुग्धशर्करेत खलून केलेल्या औषधांसाठी नुसती दुग्धशर्करा तशीच खलून पुढे न्यावी लागेल. रोगप्रतिकारक पेशींवर काम करायचे असेल तर इंजेक्शनसाठीचे पाणी वापरावे. साध्या डिस्टिल्ड पाण्यात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष राहिले तर तेवढ्यानेच मॅक्रोफेज या प्रतिकारक पेशी चवताळतात आणि ‘औषधाने प्रतिकारशक्ती वाढली’ असा भास होतो.

आराखड्यांच्या संदर्भसूचीत २०१० सालचा, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचा अमेरिकेतील शोधनिबंध ठळकपणे दिला आहे. त्यातही नुसत्या द्रावकाने पेशी घटल्याच होत्या, आणि टीकाकारांनी पहिले बोट ठेवले ते तिथेच. संदर्भ द्यायचा तर त्यातले हे दुबळे अंगही विद्यार्थ्याला दाखवायला हवे होते.

दुसरी हरकत मोजणीबद्दल आहे. सगळ्या आराखड्यांत एमटीटी ही एकच चाचणी आहे. एमटीटी हा पिवळा रंग जिवंत पेशींच्या चयापचयामुळे जांभळ्या फॉर्मेझानमध्ये बदलतो. तीन-चार तासांनी तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाचे रीडिंग घ्यायचे. ही चाचणी मृत्यू मोजत नाही, चयापचय मोजते. पेशी मंदावल्या, कमी विभागल्या किंवा मीडिया ओढून काढताना सैल झालेल्या पेशी निघून गेल्या, तरी रीडिंग उतरते. उलट मदर टिंक्चरमधली (विरळ न केलेल्या मूळ अर्कातली) वनस्पतिजन्य द्रव्ये पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात आणि रीडिंग फुगते. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेली वेल ठेवावी लागते. ‘पेशी मेल्या’ असे लिहायचे असेल तर मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूने मोजणी किंवा ॲनेक्सिन-प्रोपिडियम आयोडाइडची फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी यंत्राने एकेक करून मोजणे) सोबत हवी.

प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमधून पाणी उडते, विशेषतः उन्हाळ्यात इन्क्युबेटरच्या तळाचा ट्रे कोरडा पडला तर. त्या वेलमध्ये नुसते बफर भरावे आणि आतल्या ६० वेलच वापराव्यात. औषध एका बाजूला आणि कंट्रोल दुसऱ्या बाजूला अशी मांडणी नको, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.

‘तीन वेळा प्रयोग केला’ असे जिथे लिहिले आहे, तिथे प्रत्यक्षात एकाच प्लेटमधल्या तीन वेल आहेत. तो एकच प्रयोग. तीन स्वतंत्र प्रयोग म्हणजे तीन वेगळे दिवस, पेशींचे वेगळे पॅसेज (नव्या भांड्यात वाढवलेल्या पिढ्या), आणि मूळ टिंक्चरपासून नव्याने केलेली औषधाची व कंट्रोलची बॅच. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. एकाच बाटलीतून घेतलेल्या शंभर वेल सांगतात त्या फक्त त्या बाटलीबद्दल. त्या बाटलीत काही भेसळ झाली असेल, तर शंभरही वेल एकाच दिशेने चुकतील.

पेशींच्या ओळखीबद्दल थोडक्यात. एका प्रयोगशाळेतून दुसरीत मैत्रीखात्यात आलेली सेल लाइन ‘एमसीएफ-७’ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) अशा लेबलची असली, तरी ती तीच असते असे नाही. १९५१ साली वेगळ्या झालेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या हेला या कर्करोग-पेशींनी जगभरातल्या कितीतरी लाइन्स गिळून टाकल्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून लाइन घ्यावी, सुरुवातीलाच गोठवून साठा करावा, एसटीआर (डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या) तपासणीचा दाखला प्रबंधाला जोडावा. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून पार होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. एमटीटीचे रीडिंग तो बिघडवतो. पीसीआरने दर महिन्याला तपासणी हवी. पावसाळ्यात खानापूरकडे आठवडाभर झड लागली की बुरशी हूडपर्यंत (निर्जंतुक कामाच्या कपाटापर्यंत) पोचते, आणि वीज गेली की इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड उतरून मीडियाचा लाल रंग जांभळटाकडे झुकतो. अशा दिवशीच्या प्लेटा फेकून द्याव्यात आणि तशी नोंद वहीत ठेवावी.

यानंतर मुख्य मुद्दा. आराखड्यांच्या शीर्षकांत ‘होमिओपॅथीच्या तत्त्वांचा पेशीय अभ्यास’ असे आहे. पण तत्त्व कोणते? समः समं शमयति हे एक तत्त्व आहे, पोटेन्सी (विरळ करून झटके दिल्याने औषधाची शक्ती वाढते) हे दुसरे. दोन्ही दावे वेगळे आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. कर्करोगाच्या पेशी मारून यांतले एकही तपासले जात नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल घेतली ती निरोगी शरीरात काय लक्षणे उठतात हे पाहण्यासाठी. निरोगी अवस्थेत जे द्रव्य एखादा बिघाड घडवते, तेच तशा बिघाडात अल्प मात्रेत सावरते, असा त्यांचा दावा. मग पेशींच्या प्रयोगातही आधी बिघाड घडवावा लागेल आणि नंतर सावरणे मोजावे लागेल. पेशी मारणे ही तर नेहमीच्या कर्करोग-औषधांच्या चाचणीची नक्कल झाली. शिवाय लक्षणसमुच्चयावर, रुग्णाच्या प्रकृतीवर औषध निवडायचे असे आपणच वर्गात शिकवता. प्लेटमधल्या पेशीला मानसिक लक्षणे नसतात. मग तिच्यासाठी औषध कोणत्या आधारावर निवडले, हे एकाही आराखड्यात लिहिलेले नाही.

हा प्रश्न नीट मांडून झालेले काम उपलब्ध आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात रूलंड फान वाइक आणि फ्रेड वीगांट यांनी उंदरांच्या यकृत-अर्बुदाच्या (यकृतातील गाठीच्या) पेशींना आधी उष्णतेचा धक्का दिला. अशा धक्क्यानंतर पेशी उष्माघात-प्रथिने, म्हणजे ताणातून सावरणारी प्रथिने, बनवते. फेरुचियो रितोसा यांनी फळमाशीत तो प्रतिसाद १९६२ साली पहिल्यांदा नोंदवला. धक्का बसलेल्या पेशींना मग त्यांनी उष्णता, आर्सेनाइट, कॅडमियम अशा ताणकारकांच्या अल्प मात्रा दिल्या. ज्या ताणकारकाने उठणारा प्रथिनांचा नमुना मूळ धक्क्याशी जास्त जुळतो, त्याची अल्प मात्रा सावरायला जास्त मदत करते, असे त्यांनी मांडले. त्याला होमिओपॅथीचा आधार मानावे का, यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे. पण प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर मिळू शकते. विद्यार्थ्याला शिकवावे ते हे.

आणि या कामातल्या मात्रा खऱ्या आहेत, हे विद्यार्थ्यांना ठासून सांगायला हवे. एक मायक्रोमोलर द्रावाच्या १०० मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६० लाख कोटी रेणू असतात. १२ सीला मूळ द्रव १० च्या २४ व्या घाताइतका विरळ होतो, आणि एका मोलमध्ये रेणूच असतात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. त्यापुढे बाटलीत मूळ पदार्थाचा एक रेणू सापडण्याची आशाही संपत जाते. ३० सी म्हणजे एकावर ६० शून्ये. उट्रेख्टच्या प्रयोगाचा दाखला ३० सीसाठी देता येत नाही. मंजूर आराखड्यांत तो तसाच दिला आहे.

आयआयटी मुंबईच्या २०१० च्या शोधनिबंधाचे नाव इथे नेहमी पुढे येते. धातूंपासून केलेल्या औषधांच्या ३० सी व २०० सीमध्येही त्या धातूचे नॅनोकण आढळल्याचे त्यात म्हटले आहे. ते धातूंबद्दल आहे, थुजा किंवा फायटोलाका या वनस्पतिजन्य औषधांबद्दल नाही. कण असणे आणि कणांनी पेशीवर काही करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना हा मुद्दा मांडायचा आहे त्यांनी आपल्या बाटलीतले कण मोजावेत, झटके दिलेल्या कोऱ्या अल्कोहोलमधलेही मोजावेत, आणि दोन्ही आकडे छापावेत.

ब्लाइंडिंगचा आग्रह कशासाठी, ते फ्रेंच संशोधक जाक बाँव्हनिस्त यांच्या उदाहरणावरून कळते. जून १९८८ मध्ये त्यांच्या गटाने ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात लिहिले की माणसाच्या रक्तातील बेसोफिल या ॲलर्जीशी संबंधित पेशींवर अँटी-आयजीई प्रतिपिंड रेणू उरणार नाही इतके विरळ करून घातले, तरी त्या पेशींतले कण फुटतात. टोल्युइडीन ब्लूने रंगवायचे, कण फुटलेली पेशी रंगत नाही, म्हणून उरलेल्या रंगीत पेशी डोळ्यांनी मोजायच्या. जुलैत ‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स, संशोधनातील गैरप्रकार तपासणारे वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. कोणती नळी कोणती हे माहीत असताना परिणाम दिसत होता. नळ्यांना कोड देऊन यादी पाकिटात बंद करून छताला चिकटवल्यावर तो दिसेना. यात कोणी लबाडी केली असे मानायची गरज नाही. काठावरची पेशी रंगलेली धरायची की नाही हे मोजणाराच ठरवतो, आणि त्याचे मन त्याच्या नकळत त्यात उतरते.

त्यानंतरही बेसोफिलवर असे प्रयोग करून पाहण्याचे प्रयत्न झाले. १९९३ मध्ये लंडनच्या गटाला परिणाम मिळाला नाही. २००४ मध्ये युरोपातील अनेक प्रयोगशाळांनी मिळून हिस्टामिनच्या अतिविरळ द्रावांवर सकारात्मक निकाल छापला, पण २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या गटाच्या काटेकोर पुनरावृत्तीत तो टिकला नाही. २००७ सालच्या आढाव्यात अशा ६७ प्रयोगांचा हिशेब आहे. जवळपास तीन-चतुर्थांशांत परिणाम नोंदलेला, आणि तरी सर्व संशोधकांना पुन्हा मिळेल असा स्थिर परिणाम एकही नाही. सकारात्मक निकालांची संख्या फसवी असते, हे यातून विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला कळायला हवे.

शेवटची हरकत प्रसिद्धीबद्दल. प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशी मीठही मारते, साबणही मारतो. तिथून रुग्णापर्यंत फार मोठे अंतर आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने मनाई आहे. महाविद्यालयाचे प्रसिद्धिपत्रक त्या सीमारेषेच्या इतके जवळ जाता कामा नये.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. झटके दिलेल्या कोऱ्या अल्कोहोलचा कंट्रोल नसलेले सर्व आराखडे स्थगित करून दुरुस्तीसाठी परत पाठवावेत. वेलमधील अल्कोहोलचे अंतिम प्रमाण आराखड्याच्या पहिल्या पानावर असावे.

२. प्रत्येक नळीला प्रयोगशाळेबाहेरच्या व्यक्तीने यादृच्छिक तीन अंकी कोड द्यावा. सर्व रीडिंग आणि आकडेमोड पूर्ण होऊन त्याची सही केलेली प्रत समितीकडे जमा झाल्यावरच यादी उघडावी.

३. कोणती चाचणी, किती स्वतंत्र प्रयोग, किती फरक म्हणजे परिणाम, हे सुरुवातीआधी लिहून तारखेसह जाहीर करावे. परिणाम दिसला नाही तर तो प्रबंध त्याच मानाने स्वीकारावा. नकारात्मक निकालाने पदवी अडते अशी भीती विद्यार्थ्याच्या मनात असेल, तर बाकीच्या सर्व अटी फुकट जातील.

४. पेशींचा दाखला, मायकोप्लाझ्माचा अहवाल, वीज आणि इन्क्युबेटरची नोंदवही, मूळ रीडिंग आणि छायाचित्रे कोणालाही पाहता यावीत. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकाने २०१८ मध्ये छापलेला, ऱ्हस टॉक्स या होमिओपॅथी औषधाबद्दलचा शोधनिबंध २०१९ मध्ये मागे घेतला. अशी वेळ इथल्या विद्यार्थ्यावर येऊ नये.

५. समरूपता तपासणारे आणि पोटेन्सी तपासणारे प्रयोग वेगळे करावेत. आर्सेनाइट किंवा कॅडमियम वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विषारी कचऱ्याची स्वतंत्र व्यवस्था आधी करावी.

६. प्रबंध पूर्ण होऊन त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत वर्तमानपत्रांत काहीही देऊ नये. त्यानंतर जो सारांश निघेल तो कन्नडबरोबर मराठीतही निघावा, आणि ‘हा प्रयोग प्लेटमधल्या पेशींवर झाला आहे, रुग्णांवर नाही, चालू उपचार थांबवू नयेत’ हे वाक्य त्यात सर्वांत वर असावे.

कोड तयार करून जपणे, अल्कोहोलची सहनशक्ती काढण्याचा पहिला प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेणे आणि प्लेटची मांडणी तपासणे, ही तीन कामे आमच्यातील मंडळी विनामोबदला करतील. पुढच्या प्रवेशाआधी समितीने लेखी उत्तर द्यावे, आणि ते याच पत्रासारखे सर्वांना वाचता येईल असे द्यावे.

आपले,
पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत काम करणारे
बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील काही रहिवासी